आयएल-७ पेशीला ‘टी हो’ असं सांगतं का?

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा होता. एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाचा प्रोजेक्ट आहे, कॉर्ड ब्लडमधल्या, म्हणजे नाळेच्या रक्तातल्या, सीडी३४ पेशींपासून (रक्ताच्या मूळ आणि पूर्वजपेशींवर ही खूण असते) टी पेशी वाढवायच्या आहेत. ‘प्रोटोकॉलमध्ये लिहिलंय की एससीएफ, फ्लिट-३ लिगँड आणि आयएल-७ घाला, आणि खाली डीएलएल४ असलेल्या पेशींचा थर ठेवा. मॅडम, यातला प्रत्येक रेणू पेशीला नेमकं काय सांगतो? आणि आयएल-७ मुळे पुस्तकात एका पानावर बी पेशी होतात, दुसऱ्या पानावर टी. हे कसं?’

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तो सुटला की पहिल्यातला निम्मा गोंधळ आपोआप जातो. टी आणि बी या प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी. एससीएफ, फ्लिट-३ लिगँड आणि आयएल-७ ही सायटोकाइन, म्हणजे पेशींना निरोप देणारी प्रथिनं; डीएलएल४ हा शेजारच्या पेशीच्या अंगावर बसलेला निरोप. आयएल-७ पेशीला ‘टी हो’ असं सांगत नाही, ‘बी हो’ असंही सांगत नाही. बहुतेक वेळा ते एवढंच म्हणतं की मरू नकोस, अजून एकदा दुभंग. पुढे काय व्हायचं हे ती पेशी त्याआधी कुठे राहत होती आणि तिच्या डीएनएचे कोणते भाग उघडे आहेत, यावर ठरतं.

यासाठी एक प्रयोग सांगते, माझ्या फार आवडीचा. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात काही संशोधकांनी उंदराच्या गर्भातल्या अशा रक्तपेशी घेतल्या, ज्यांच्यात एरिथ्रोपोएटिनचा (तांबड्या पेशी बनवायला लावणाऱ्या हॉर्मोनचा) रिसेप्टरच, म्हणजे तो निरोप पकडणारं प्रथिनच, नव्हता. तो नसला की तांबड्या पेशी तयार होत नाहीत, मधेच मरतात. या पेशींत त्यांनी प्रोलॅक्टिनचा रिसेप्टर बसवला. प्रोलॅक्टिन म्हणजे बाळंतिणीला दूध येण्यासाठी लागणारं हॉर्मोन, त्याचा रक्ताशी काय संबंध? तरी प्रोलॅक्टिन घातल्यावर त्या पेशींतून चक्क तांबड्या पेशी तयार झाल्या. निरोप्या बदलला, पण घरात चुलीवर जे चढवलेलं होतं तेच ताटात आलं.

हे का घडतं ते पाहायचं तर निरोपाची वाट बघावी लागते. सायटोकाइन बाहेरून रिसेप्टरला चिकटतं. रिसेप्टरचे दोन तुकडे जवळ येतात. त्यांच्या आतल्या टोकांना जॅक नावाची एन्झाइम बसलेली असतात (सुरुवातीला हे नाव ‘जस्ट अनदर कायनेज’ या थट्टेतून पडलं, नंतर दोन तोंडांच्या रोमन देवाचं कारण चिकटवलं गेलं). जॅक एकमेकांवर आणि रिसेप्टरवर फॉस्फेट चढवतात, त्या फॉस्फेटवर स्टॅट प्रथिनं येऊन बसतात, तीही फॉस्फेट घेतात, जोडीने केंद्रकात जातात आणि डीएनएवर ठरावीक अक्षरं शोधून तिथे बसतात. आता लक्ष दे. एरिथ्रोपोएटिन, थ्रोम्बोपोएटिन, आयएल-३ आणि आयएल-७ या चौघांची वाट मुख्यतः एकाच प्रथिनाशी येऊन थांबते, स्टॅट५. तांबडी पेशी, प्लेटलेटची आई, मास्ट पेशी, टी पेशी, सगळीकडे तेच स्टॅट५. पण डीएनए जिथे घट्ट गुंडाळलेला आहे तिथे त्याला बसता येत नाही, उघडं असेल तिथेच बसतं. कुठे उघडं ठेवायचं ते गाटा१, पीयू.१, पॅक्स५, टीसीएफ१ यांसारखी प्रथिनं आधीच ठरवून मोकळी झालेली असतात. म्हणून एकाच स्टॅट५ चा अर्थ प्रत्येक पेशीत वेगळा.

इथेच थांबले तर मात्र अर्धसत्य सांगितल्यासारखं होईल. २००० साली उंदराच्या लिम्फॉइड पूर्वजपेशींत आयएल-२ चा रिसेप्टर जबरदस्तीने आणून पाहिला गेला. या पेशी सहसा बी आणि टीच्याच वाटेवर असतात. पण आयएल-२ मिळाल्यावर त्यांतल्या बऱ्याच पेशी वाट सोडून ग्रॅन्युलोसाइट आणि मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या, मायलॉइड बाजूच्या पेशी) झाल्या. २००९ मध्ये याहून स्वच्छ पुरावा आला. एकेका पूर्वजपेशीवर दिवसरात्र कॅमेरा लावून पाहिलं, तेव्हा एम-सीएसएफ हे सायटोकाइन दिल्यावर पेशी मोनोसाइटकडे जात होत्या आणि जी-सीएसएफ दिल्यावर ग्रॅन्युलोसाइटकडे, आणि ‘नको त्या मेल्या, हव्या त्या उरल्या’ असं होत नव्हतं. म्हणजे सायटोकाइन खरोखर दिशा देऊ शकतं. या जुन्या वादात, सिग्नल हुकूम देतो की नुसता जगवतो, माझं मत असं की दोन्ही बाजू आपापल्या पेशीपुरत्या बरोबर होत्या. फाट्यावर उभ्या असलेल्या पेशीला धक्का देता येतो. फाटा ओलांडून गेलेल्या पेशीला तोच रेणू फक्त शिदोरी देतो. आयएल-७ तुझ्या डिशमध्ये बहुतांश वेळ शिदोरीचंच काम करणार आहे.

आता मूळ पेशी कुठे राहते ते. रक्ताची स्टेम सेल अस्थिमज्जेत रक्तवाहिन्यांच्या भिंतीलगत असते, आणि शेजारच्या आधारपेशी तिला दोन गोष्टी सतत पुरवतात, सीएक्ससीएल१२ आणि एससीएफ. पहिल्याने ती जागेला धरून राहते, दुसऱ्याने जिवंत राहते. आमच्या लॅबमधले एक जुने टेक्निशियन तिला ‘पागडीचा भाडेकरू’ म्हणायचे: भाडं नाममात्र, खोली सोडायचं नाव नाही. फारशी दुभंगतही नाही, माणसात वर्षातून साधारण एकदा असा अंदाज आहे. २०२२ मधल्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासानुसार प्रौढ माणसाचं सगळं रक्त साधारण २० हजार ते २ लाख स्टेम सेल मिळून चालवतात. आपल्या शरीरात रोज शेकडो अब्ज रक्तपेशी तयार होतात, त्या मानाने हा आकडा किती लहान आहे बघ. ट्रान्सप्लांटसाठी दात्याच्या स्टेम सेल रक्तात आणायच्या तर जी-सीएसएफची इंजेक्शनं देतात, आणि तरीही त्या हलल्या नाहीत तर प्लेरिक्साफोर, जे सीएक्ससीएल१२ चा रिसेप्टर सीएक्ससीआर४ अडवतं. पकड सुटली की भाडेकरू काही तासांत रस्त्यावर.

ही पकड फार घट्ट झाली तर काय होतं? व्हिम सिंड्रोम नावाचा दुर्मीळ आजार आहे. त्यात सीएक्ससीआर४ चा सिग्नल बंदच होत नाही. न्यूट्रोफिल (जंतू मारणाऱ्या पांढऱ्या पेशी) मज्जेत भरपूर तयार होतात, पण बाहेरच पडत नाहीत. रक्तात तुटवडा, मज्जेत गर्दी. या आजाराची एक रुग्ण मोठेपणी आपोआप बरी झाली. कारण शोधलं तर तिच्या एका स्टेम सेलमध्ये दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्राचे तुकडे होऊन परत जुळताना सीएक्ससीआर४ ची बिघडलेली प्रत गळून पडली होती, आणि त्या एकाच पेशीच्या वंशाने हळूहळू तिची मज्जा व्यापली. २०१५ मध्ये हे छापून आलं तेव्हा मी दोनदा वाचलं.

थ्रोम्बोपोएटिनचं नाव फसवं आहे. प्लेटलेटचं हॉर्मोन म्हणून शिकवतात, पण स्टेम सेलला टिकून राहायला ते लागतंच. हे कळलं मुलांवरून. ज्या बाळांत त्याचा रिसेप्टर जन्मतः बिघडलेला असतो त्यांना आधी फक्त प्लेटलेट कमी असतात, आणि काही वर्षांत सगळी मज्जाच आटते. अप्लास्टिक अॅनिमियात, म्हणजे मज्जा रक्तपेशी बनवेनाशी होते त्या आजारात, एलट्रोम्बोपॅग ही गोळी देतात. ती हाच रिसेप्टर चालवते, आणि तिने नुसत्या प्लेटलेट नाही, तर काही रुग्णांत तांबड्या, पांढऱ्या आणि प्लेटलेट असे तिन्ही काउंट वर येतात.

पुस्तकातलं झाड मात्र डोक्यातून काढ. स्टेम सेल, मग एक फांदी मायलॉइड, एक लिम्फॉइड, असं ते स्वच्छ चित्र. माणसात २०१० मध्येच दिसलं की लिम्फॉइड वाटेवरच्या सुरुवातीच्या पूर्वजपेशी मोनोसाइट आणि मॅक्रोफेजही करू शकतात. नंतर एकेका पेशीतली जनुकं वाचता आल्यावर तर फांद्या कमी आणि उतार जास्त दिसायला लागला. त्या उतारावर पेशी घरंगळत असतात, सिग्नल तो उतार थोडा इकडे, थोडा तिकडे कलता करतात. फ्लिट-३ लिगँडचं काम याच भागात: तो लिम्फॉइड आणि डेंड्रिटिक बाजूच्या तरुण पेशींना जगवतो, वाढवतो.

आता नॉच, म्हणजे डीएलएल४ चा निरोप पकडणारा रिसेप्टर. इथे मी रेंगाळणार आहे, कारण तुझा सगळा प्रोजेक्ट याच्यावर उभा आहे आणि बहुतेक विद्यार्थी इथेच घसरतात.

नॉच हे नाव फळमाशीच्या पंखाला पडलेल्या खाचेवरून आलं, शंभर वर्षांपूर्वी. सायटोकाइनसारखा हा निरोप द्रवात तरंगत येत नाही. शेजारच्या पेशीच्या अंगावर डीएलएल४ असतो, आपल्या पेशीच्या अंगावर नॉच१. दोघं एकमेकांत अडकतात आणि शेजारीण ओढते. ओढल्यामुळे नॉचचा दुमडलेला भाग उलगडतो, मग बाहेरून एक कात्री चालते, पटलाच्या आतून दुसरी, आणि नॉचचा आतला तुकडा सुटून स्वतःच केंद्रकात जातो. मधे कोणी जॅक नाही, स्टॅट नाही. रिसेप्टर स्वतःच चिठ्ठी आहे, आणि ती एकदाच वापरता येते. म्हणून नॉचमध्ये मात्रेला फार महत्त्व: किती रिसेप्टर ओढले गेले तेवढाच सिग्नल, मधे तो वाढवून देणारं कोणी नाही.

यातून एक अगदी व्यावहारिक गोष्ट निघते. डीएलएल४ नुसता मीडियममध्ये मिसळून उपयोग नाही. तो कशाला तरी पक्का चिकटलेला हवा, प्लेटच्या तळाला, मण्यांना, किंवा जिवंत पेशीच्या अंगावर, नाहीतर ओढणार कोण? दरवर्षी कोणीतरी महागडी कुपी द्रवात ओतून बसतं आणि मग फोन करतं.

केंद्रकात गेल्यावर नॉचचा तुकडा टीसीएफ१ आणि गाटा३ चालू करायला लावतो, पुढे बीसीएल११बी येतं आणि मग परतीचा रस्ता बंद होतो. त्याच वेळी बी पेशीचा दरवाजा लावला जातो. १९९९ मध्ये उंदरांत हे दोन्ही बाजूंनी दाखवलं गेलं: नॉच१ काढून टाकला तर थायमसमध्येच (छातीतली ग्रंथी, जिथे टी पेशी घडतात) बी पेशी वाढायला लागल्या, आणि नॉचचा आतला तुकडा सतत चालू ठेवला तर अस्थिमज्जेत टी पेशी. याला मात्र मी हुकूम म्हणेन. २००२ मध्ये टोरांटोच्या गटाने ओपी९ नावाच्या आधारपेशींवर डेल्टासारखा लिगँड चढवला आणि थायमसशिवाय डिशमध्ये टी पेशी करून दाखवल्या. २०१७ मध्ये लॉस अँजेलिसहून गोळ्यासारखी त्रिमितीय पद्धत आली, तिच्यात एमएस५ या आधारपेशींवर डीएलएल बसवलेला असतो आणि माणसाच्या टी पेशी अधिक पूर्ण पिकतात. हाच सिग्नल बंद व्हायचं विसरला तर काय होतं तेही ठाऊक आहे. टी पेशींच्या तीव्र ल्युकेमियात निम्म्याहून जास्त रुग्णांत नॉच१ मध्ये बदल सापडतात.

आणि शेजारीण नसेल तर? काही बाळं थायमसशिवाय जन्मतात. स्टेम सेल अगदी निरोगी, मज्जा ठणठणीत, पण जिथे डीएलएल४ भेटायचा ते घरच नाही. अशा बाळाला बोन मॅरो देऊन मुळातला प्रश्न सुटत नाही, थायमसचा तुकडा द्यावा लागतो.

मी चोवीस वर्षं फ्लो सायटोमेट्री (पेशींवरच्या खुणा लेझरने मोजण्याची तपासणी) करते आहे. परळच्या या पट्ट्यात केईएम, वाडिया, टाटा, हाफकिन सगळे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर, आणि केईएमच्या आवारातच नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहेमॅटॉलॉजी, जिथे जन्मजात प्रतिकारदोषांचं निदान होतं. त्यामुळे सिग्नलिंग मी पुस्तकापेक्षा जांभळ्या झाकणाच्या ट्यूबांतून जास्त शिकले. ठरलेली गोष्ट असते: तीन-चार महिन्यांचं बाळ, सारखा न्यूमोनिया, तोंडातली बुरशी जात नाही, वजन वाढत नाही, आणि जन्मतः दिलेल्या बीसीजीच्या बाजूला काखेत पू. सीबीसी तीन ठिकाणी झालेला असतो आणि प्रत्येक रिपोर्टवर लिम्फोसाइटचा आकडा छापलेला असतो, पण टक्क्यांत. कोणी गुणाकार केलेला नसतो. तान्ह्या बाळाचे लिम्फोसाइट मोठ्या माणसापेक्षा पुष्कळ जास्त असतात. तिथे एकूण संख्या ३,००० च्या खाली दिसली तर थांबून विचार करायचा.

अशा रक्ताला मी सीडी३, सीडी१९, सीडी५६ (अनुक्रमे टी, बी आणि एनके म्हणजे नॅचरल किलर पेशींच्या खुणा) लावते आणि डॉट प्लॉटवर कोणता कोपरा रिकामा आहे ते बघते. टी नाहीत, एनके नाहीत, बी आहेत, असं दिसलं आणि बाळ मुलगा असला की मनात पहिलं नाव येतं गॅमा-सी साखळीचं. हे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे, या आजाराचं मूळ म्हणून ते १९९३ मध्ये ओळखलं गेलं. ही एक साखळी आयएल-२, ४, ७, ९, १५ आणि २१ अशा सहा सायटोकाइनच्या रिसेप्टरांत सामाईक असते. आयएल-७ गेलं म्हणून टी गेल्या, आयएल-१५ गेलं म्हणून एनके गेल्या. मुलगी असेल आणि चित्र हेच असेल तर जॅक३ बघायचं, कारण गॅमा-सीच्या आतल्या टोकाला तेच बसतं. साखळी तोडा किंवा साखळीला बांधलेलं एन्झाइम तोडा, निकाल एकच. आणि टी नाहीत पण एनके आहेत, बीही आहेत, तर आयएल-७ रिसेप्टरची अल्फा साखळी. १९९८ मध्ये ही मुलं ओळखली गेली. तीन रिपोर्ट शेजारी ठेवलेस तर कोणती पेशी कोणाच्या जिवावर जगते याचा नकाशा तुझ्यासमोर असतो. असा प्रयोग माणसावर कोणी मुद्दाम करू शकत नाही, तो बिचाऱ्या बाळांवर आधीच झालेला असतो.

एक सापळा सांगून ठेवते. कधी अशा बाळात टी पेशी दिसतात, आणि आपण निदान बाद करतो. त्या आईच्या असतात, गरोदरपणी आलेल्या, बाळाला नाकारता न आलेल्या. त्यांच्यावर सीडी४५आरओ असतं. नव्याने थायमसमधून निघालेल्या पेशींचं सीडी४५आरए जवळजवळ नसतं. हे मार्कर न लावता रिपोर्ट सोडू नये.

आणि आता तुझ्या प्रश्नाकडे परत येते. या सगळ्या बाळांत आयएल-७ चा सिग्नल शून्य आहे, तरी बी पेशी आहेत! उंदरात आयएल-७ काढलं तर टी आणि बी दोन्ही कोसळतात. तुझ्या पुस्तकातलं ‘आयएल-७ मुळे बी पेशी’ हे पान बहुधा उंदराचं आहे, फक्त वरती तसं लिहिलेलं नाही. उलट उदाहरणही घे. बीटीके हे बी पेशीच्या अर्धवट रिसेप्टरचा निरोप आत नेणारं एन्झाइम. माणसात ते बिघडलं की बी पेशी मज्जेतच अडतात, रक्तात सीडी१९ जवळजवळ शून्य. ब्रुटन यांनी १९५२ मध्ये हा आजार वर्णिला, जनुक १९९३ मध्ये सापडलं. उंदरात तेच बिघडलं तर प्रकरण बरंच सौम्य, बी पेशी दिसतात. एका सिग्नलवर उंदीर जास्त अवलंबून, दुसऱ्यावर माणूस. स्टेम सेलचा सीडी३४ सुद्धा बघ, माणसात आपण त्याच्यावरूनच पेशी वेचतो, पण प्रौढ उंदराच्या खऱ्या स्टेम सेलवर तो जवळजवळ नसतो.

पेशी असणं आणि ती कामाची असणं यात मात्र फरक आहे. गॅमा-सी बिघडलेल्या बाळाला ट्रान्सप्लांट करून दात्याच्या टी पेशी आल्या, बी मात्र स्वतःच्याच राहिल्या, तर पुष्कळदा अँटिबॉडी नीट बनत नाहीत आणि इम्युनोग्लोब्युलिन चालू ठेवावं लागतं, कारण त्या बी पेशींना आयएल-२१ ऐकूच येत नाही. आयएल-७ अल्फाच्या बाळात तसं होत नाही. त्याच्या बी पेशी सुरुवातीपासून चांगल्याच होत्या, फक्त टीच्या मदतीची वाट बघत होत्या.

टाटा मेमोरियलमध्ये १९८३ मध्ये देशातलं पहिलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालं, त्यानंतरच्या कोणत्याही ट्रान्सप्लांट वॉर्डात विचारलंस तर परतीचा क्रम सारखाच ऐकू येईल. न्यूट्रोफिल दोन-तीन आठवड्यांत, एनके महिन्याभरात, बी काही महिन्यांनी, आणि नव्या सीडी४ टी पेशी सर्वांत शेवटी, मोठ्या माणसात वर्षभर किंवा जास्त. पेशी त्याच. न्यूट्रोफिलला लागणारे सगळे निरोप मज्जेतच मिळतात, टीला थायमसपर्यंत जावं लागतं, आणि चाळिशीतल्या माणसाचा थायमस म्हणजे बहुतांश चरबी.

संसर्गात काय होतं ते थोडक्यात, कारण तू विचारलेलं नाहीस, पण पावसाळ्यात मुंबईतल्या कोणत्याही लॅबमध्ये हेच टेबलावर असतं. जिवाणूंचा संसर्ग झाला की जी-सीएसएफ आणि आयएल-६ चढतं, मज्जा जनुकं चालवणारं नेहमीचं प्रथिन सीईबीपी-अल्फा सोडून सीईबीपी-बीटावर काम चालवते, आणि अर्धीकच्ची न्यूट्रोफिल, म्हणजे रिपोर्टवरची बँड फॉर्म, बाहेर ढकलली जातात. डेंग्यूत उलट, सुरुवातीला मज्जाच दबते. बीसीजीची गोष्ट आणखी मजेशीर आहे. २०१८ मध्ये उंदरांत दिसलं की बीसीजी मज्जेपर्यंत पोचली तर स्टेम सेललाच वळण लावते, गॅमा इंटरफेरॉनमार्फत, आणि तिच्यापासून झालेली मॅक्रोफेज क्षयाच्या जंतूशी जास्त चांगली लढतात. २०२० मध्ये माणसांच्या मज्जेचे नमुने लस देण्याआधी आणि तीन महिन्यांनी तपासले, तेव्हाही पूर्वजपेशींतली जनुकं मायलॉइड बाजूला कललेली दिसली.

आता तुझी डिश. एससीएफ पेशीला जिवंत ठेवतं आणि दुभंगवतं, फ्लिट-३ लिगँड लिम्फॉइड उतारावरच्यांना पोसतो, डीएलएल४ दिशा ठरवतो, आणि आयएल-७ त्या दिशेने निघालेल्यांना मरू देत नाही. म्हणून नॉच पहिल्या दिवसापासून हवा. तो न देता आधी आठवडाभर नुसती सायटोकाइन पाजलीस तर पेशींची संख्या छान वाढेल आणि त्या दुसरीकडेच निघून गेलेल्या असतील. नंतर नॉचची मात्रा तशीच चढी ठेवलीस तर माणसाच्या पेशींत गॅमा-डेल्टा टी पेशींचं प्रमाण वाढतं. अल्फा-बीटा (रक्तातल्या नेहमीच्या, बहुसंख्य टी पेशी) हव्या असतील तर पुढे तो उतरवावा लागतो. उंदराच्या प्रोटोकॉलमध्ये हे उलट लिहिलेलं सापडेल, तो पाळू नकोस. आयएल-७ चंही तसंच. सीडी४ आणि सीडी८ दोन्ही असलेल्या टप्प्यावर थायमसमधली पेशी आयएल-७ चा रिसेप्टर स्वतःच उतरवून ठेवते, निवड (स्वतःच्याच शरीरावर उठणाऱ्या टी पेशी बाद करणं) झाल्यावर परत चढवते. तुझ्या डिशमध्ये त्याचा पूर वाहता ठेवलास तर पेशी आधीच्याच टप्प्यावर रमतात. संख्या बघून गाइड खूश होतील, तू होऊ नकोस.

माझी स्वतःची पहिली तीन बॅच वाया गेली होती, आणि कारण सिग्नलिंगचं नव्हतं. आम्हाला दुसऱ्या एका लॅबमधून ओपी९ पेशी मिळाल्या होत्या, किती वेळा पसरवलेल्या आहेत ते बाटलीवर लिहिलेलं नव्हतं. दहाव्या दिवशी मायक्रोस्कोपखाली सगळीकडे चमकदार थेंब. ओपी९ दाट झाल्या किंवा म्हाताऱ्या झाल्या की चरबीच्या पेशी होतात आणि डीएलएल दाखवणं हळूहळू सोडून देतात. वरच्या माझ्या सीडी३४ पेशींनी नॉच न मिळाल्यावर जे करायचं तेच केलं, बऱ्याचशा सीडी५६ झाल्या. मी महिनाभर आयएल-७ ची कुपी खराब म्हणून शिव्या देत होते. तेव्हा थर ऐंशी टक्क्यांच्या वर दाट होऊ देऊ नकोस, चार-पाच दिवसांनी पेशी नव्या थरावर हलव, आणि सीरमची प्रत्येक बॅच आधी तपासून घे.

शेवटी तू सीएआर-टीबद्दल (कर्करोगाच्या पेशी ओळखायला लावलेल्या टी पेशींच्या उपचाराबद्दल) एक ओळ लिहिली होतीस, की आयआयटी बॉम्बे आणि टाटाने केलेली थेरपी याच पद्धतीने करतात का. नाही. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मान्यता मिळालेल्या त्या थेरपीत रुग्णाच्या पिकलेल्या टी पेशीच काढून त्यांत नवा रिसेप्टर घालतात, स्टेम सेलपासून टी बनवण्याची लांब वाट त्यात नाही. ती वाट जमली तर रुग्णाच्या थकलेल्या पेशींवर अवलंबून राहावं लागणार नाही, म्हणून जगभर लोक तिच्या मागे आहेत. पण डिशमध्ये निवड नीट होत नाही, आणि न निवडलेली टी पेशी रुग्णात सोडणं धोक्याचं.

चौदाव्या दिवशी सीडी७ आणि सीडी५ (टीच्या वाटेवरच्या तरुण पेशींच्या खुणा) लाव, दोन्ही एकत्र वर आले तर वाट बरोबर आहे. सीडी५६, सीडी१९ आणि सीडी१४ (मोनोसाइटची खूण) पण त्याच ट्यूबमध्ये लाव, म्हणजे कोण कुठे पळालं ते कळेल. सीडी४-सीडी८ चौथ्या आठवड्याआधी बघू नकोस, उगाच अँटिबॉडी जाते. प्लॉट पाठवशील तेव्हा गेटिंगसकट पाठव, नुसते टक्के नकोत.